शिपायाचे मागणीपत्र

पोलीस ठाण्याच्या दारात उभी असलेली मोटार कोणाच्या पैशाने आली, ठाण्याच्या भिंतीवरचा कॅमेरा कोणी मागितला आणि बंदोबस्तावरच्या शिपायाच्या हातातली ढाल कोणी पसंत केली, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. पोलीस आपल्याला दिसतात ते साधनांसह दिसतात. ती साधने ज्या कागदातून येतात तो कागद मात्र आपल्या दृष्टीस पडत नाही. सरकारी भाषेत त्या कागदाला ‘प्रस्ताव’ म्हणतात. आजचे आमचे विवेचन या प्रस्तावाविषयी आहे. विषय रुक्ष आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो. परंतु न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून सार्वजनिक कामाचा हिशेब सार्वजनिक जागी मांडावा अशी आपल्याकडे रीत पडली आहे. शिरूर अनंतपाळसारख्या गावात ती रीत पाळायची तर आपल्याच ठाण्यापासून आरंभ करणे योग्य होईल.

कामगार संघटनेच्या कामात वय झालेल्या माणसाने पोलिसांच्या साधनांची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की लाठीला दोन टोके असतात. संपाच्या दिवसांत आणि मोर्चाच्या वेळी आम्ही तिच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिलेलो आहोत. तेव्हा शिपायाच्या हाती काय द्यावे, हा प्रश्न जितका त्याचा तितकाच आमचाही आहे. दुसरे कारण असे की शिपाई हाही पगारावर पोट भरणारा माणूस आहे. मात्र गिरणीतल्या किंवा मोंढ्यातल्या कामगाराला जो अधिकार आहे तो त्याला नाही. पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा केंद्राचा कायदा १९६६ साली झाला. परवानगीवाचून शिपायाला कामगार संघटनेचे सभासद होता येत नाही. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलीस शिपायांचा उद्रेक झाला, तेव्हा सैन्य बोलवावे लागले आणि त्यांची संघटना मोडीत निघाली. त्या निर्बंधाच्या गुणदोषात आज आम्ही शिरत नाही. परंतु त्याचा एक परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. कामगाराला हत्यार बोथट मिळाले, हातमोजा फाटका मिळाला, तर तो संघटनेकडे येतो, आणि संघटना मागणीपत्र लिहिते. शिपायाचे मागणीपत्र लिहिणारे कोणी नाही. त्याच्या वतीने त्याच्या खात्यातून जो प्रस्ताव वर जातो, तोच त्याचे मागणीपत्र होय. तो कसा लिहिला जातो यावर त्याचा जीव आणि आपली अब्रू, दोन्ही अवलंबून असतात.

पैसा कोठून येतो

प्रस्ताव समजायचा तर आधी पैशाच्या विहिरी माहीत असाव्या लागतात. मुख्य विहिरी तीन आहेत.

पहिली केंद्राची. राज्यांच्या पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची योजना १९६९-७० साली सुरू झाली. शस्त्रे, वाहने, संदेशवहन, प्रशिक्षण, गुन्ह्याच्या शास्त्रीय तपासणीची सामग्री अशा बाबींना तिच्यातून साहाय्य मिळत आले आहे. ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांना केंद्राचा वाटा ९० टक्के ठेवलेला आहे. महाराष्ट्रासारख्या राज्याला केंद्र ६० टक्के देणार आणि ४० टक्के राज्याने घालायचे, असे प्रमाण आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी केंद्राने पोलीस आधुनिकीकरणाच्या छत्राखाली २६,२७५ कोटी रुपये मंजूर केले. आकडा ऐकून डोळे दिपतात. परंतु त्यात सीमावर्ती व नक्षलग्रस्त भागांच्या योजना आणि इतर अनेक कामे आहेत. राज्यांच्या पोलिसांचे आधुनिकीकरण या सदराखाली केंद्राची तरतूद ४,८४६ कोटींची होती. ती साऱ्या देशात वाटायची होती. मोठ्या रकमेच्या पोटात आपला घास केवढा, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही घोषणेवर हुरळून जाऊ नये.

दुसरी विहीर राज्याच्या अंदाजपत्रकाची. गृह खात्याच्या तरतुदीतून खरेदी होते. ठाण्याची मागणी उपविभागाकडे, तेथून जिल्ह्याच्या अधीक्षकांकडे, तेथून महासंचालकांच्या कार्यालयाकडे आणि शेवटी मंत्रालयात असा तिचा प्रवास असतो. या प्रवासात कागदाला प्रत्येक पायरीवर एक टिपणी चिकटते. मूळ मागणी स्पष्ट नसेल तर मुंबईला पोचेपर्यंत ती ओळखू येत नाही.

तिसरी विहीर आपल्या अगदी जवळची आहे. ती म्हणजे जिल्हा वार्षिक योजना. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीची व्यवस्था घातली आणि महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ साली कायदा केला. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष असतात, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात, आणि बहुसंख्य सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या लोकनियुक्त सभासदांतून यावेत अशी घटनेची अपेक्षा आहे. अलीकडे अनेक जिल्ह्यांत पोलिसांना मोटारी, मोटारसायकली व कॅमेरे याच निधीतून मिळाले आहेत. म्हणजे लातूरच्या बैठकीत शाळाखोली, पाण्याची योजना, दवाखान्याचे यंत्र आणि पोलिसांची मोटार एकाच पंगतीला बसतात. एकाच्या पानात वाढले तर दुसऱ्याच्या पानात कमी पडते. म्हणूनच पोलिसांचा प्रस्ताव चांगला असणे ही पोलिसांची खाजगी बाब राहत नाही.

यादी आणि मागणीपत्र

कामगार चळवळीत नवा कार्यकर्ता आला म्हणजे तो पहिले मागणीपत्र लिहितो ते यादीच्या रूपात. पगारवाढ द्या, बूट द्या, छत्री द्या, चहा द्या. मालक ती यादी वाचतो, हसतो आणि खणात ठेवतो. जाणता कार्यकर्ता निराळे लिहितो. या खात्यात इतकी माणसे, दिवसाला इतकी पोती, पोत्याचे वजन इतके, जिन्याच्या पायऱ्या इतक्या, वर्षात पाठीची दुखापत झालेले इतके; म्हणून अमुक साधन हवे, त्याला खर्च इतका, न दिल्यास नुकसान इतके. असे पत्र खणात ठेवणे कठीण जाते. ठेवलेच तर पुढे लवादापुढे तेच पत्र बोलते.

पोलिसांच्या साधनांचा प्रस्ताव नेमका याच कसोटीवर पाहिला पाहिजे. ‘दोन मोटारी, पाच मोटारसायकली, वीस ढाली मिळाव्यात ही विनंती’ ही यादी झाली. तिच्यात काम दिसत नाही. प्रस्तावाने आधी काम दाखवावे. ठाण्याच्या हद्दीत गावे किती, लांबचे गाव किती अंतरावर, पावसाळ्यात कोणता रस्ता बंद पडतो, रात्रीची गस्त किती फेऱ्यांची, तक्रार आल्यापासून शिपाई पोचेपर्यंत सरासरी वेळ किती लागला, आणि ज्या वेळी उशीर झाला त्या वेळी तो वाहनाअभावी झाला की माणसाअभावी. हे सगळे ठाण्याच्या स्टेशन डायरीत आणि वाहनाच्या नोंदवहीत लिहिलेले असते. एक वर्षाच्या नोंदी घेऊन बसले तर आठवड्याभरात हिशेब निघतो. हा आठवडा वाचवण्यासाठी शेजारच्या ठाण्याच्या प्रस्तावाची नक्कल करणारे लोक प्रत्येक खात्यात असतात, आणि मग डोंगराळ मुलखाला हवी तशी गाडी सपाट मुलखाला मिळते.

गरज जागेवरच ठरते. गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात नक्षलवाद्यांनी सुरुंग उडवला. त्यात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक ठार झाले. ते खाजगी वाहनातून जात होते. तेथे सुरुंगाला टिकणारे वाहन आणि रस्ता तपासण्याची शिस्त ही जीवनमरणाची बाब आहे. आपल्या तालुक्यात तशा वाहनाची मागणी करणे हास्यास्पद ठरेल. येथे जानेवारीत उजेडला महात्मा गांधींच्या नावाची यात्रा भरते. गर्दीत हरवलेले मूल आईपर्यंत पोचवायला बिनतारी संच, ध्वनिक्षेपक आणि दोरखंड लागतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने या जिल्ह्याला जे शिकवले तेही विसरता येत नाही. ढिगाऱ्याजवळ सर्वांत आधी जवळच्या ठाण्याचा शिपाई पोचतो, आणि त्या वेळी त्याला बंदुकीपेक्षा पहार, विजेरी, दोर व प्रथमोपचाराची पेटी अधिक उपयोगी पडते. या वस्तू स्वस्त असतात. त्यांचे उद्घाटन होत नाही. म्हणून त्या प्रस्तावात राहून जातात.

साडेतीन चालकांचा हिशेब

आता एक उदाहरण अंकांनी मांडू. समजा, ठाण्यासाठी दहा लाख रुपयांची एक मोटार मागायची आहे. प्रस्तावात सहसा हे दहा लाख लिहिलेले असतात. पुढचे लिहिलेले नसते. ही मोटार रोज ८० किलोमीटर फिरली आणि लिटरला १२ किलोमीटर चालली, तर दिवसाला सुमारे पावणेसात लिटर इंधन लागेल. वर्षाचे ते २,४०० लिटरच्या पुढे जाते. लिटरला ९५ रुपये धरले तर वर्षाचा खर्च सव्वादोन लाखांच्या वर होतो. पाच वर्षांत मोटारीच्या किमतीपेक्षा इंधनाची किंमत जास्त झाली. टायर, दुरुस्ती आणि विमा निराळा. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा.

याहून महत्त्वाचा हिशेब माणसाचा आहे, आणि तो आम्हा संघटनेवाल्यांच्या हातचा मळ आहे. मोटार चोवीस तास हवी असेल तर आठ-आठ तासांच्या पाळ्या दिवसाला तीन, म्हणजे आठवड्याला एकवीस. एक माणूस साप्ताहिक सुटी घेऊन सहा पाळ्या करील. एकविसाला सहाने भागा. साडेतीन चालक लागतात. आजारपण व रजा धरली तर चार. प्रस्तावात चालकांचा उल्लेख नसेल आणि ठाण्यात चालक एकच असेल, तर दोनांपैकी एक गोष्ट घडते. एक तर मोटार सोळा तास उभी राहते, किंवा तो एकटा माणूस सोळा तास बसतो आणि एके रात्री त्याचा डोळा लागतो. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण सरकारी खरेदीला जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशालाही पडत नाही.

हाच हिशेब महिला मदतकक्षाला लावून पाहा. दिल्लीच्या २०१२ सालच्या घटनेनंतर २०१३ साली निर्भया निधी उभा राहिला. त्यातून देशातील १०,००० पोलीस ठाण्यांत महिला मदतकक्षांसाठी १०० कोटी रुपये मंजूर झाले. भागाकार केला तर ठाण्याला एक लाख रुपये येतात. एक लाखात मेज, खुर्च्या, संगणक, दूरध्वनी आणि एक पडदा होईल. परंतु रात्री दोन वाजता दारात आलेल्या बाईशी बोलायला महिला शिपाई हवी, आणि चोवीस तासांसाठी पुन्हा तेच साडेतीनचे गणित येते. मेजामागे माणूस बसवण्याची तजवीज ज्या प्रस्तावात नाही, तो प्रस्ताव फर्निचराचा आहे असे समजावे.

कायद्याचा आधार

मागणीपत्राला करार किंवा कायदा पाठीशी असला की त्याचे वजन वाढते. पोलिसांच्या प्रस्तावालाही असा आधार आज भरपूर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे बंधनकारक झाले. ते शक्यतो मोबाईल फोनने करावे आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे, असे कायदा सांगतो. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे अशी तरतूद कलम १७६ मध्ये आहे. ती राज्यांनी पाच वर्षांच्या आत लागू करायची आहे.

आता शिपायाच्या बाजूने विचार करा. कायद्याने चित्रण सक्तीचे केले, परंतु फोन कोणाचा? ठाण्याने दिला नसेल तर तपास करणारा हवालदार स्वतःच्या खिशातला फोन काढील. त्याच फोनमध्ये त्याच्या मुलीच्या लग्नाची छायाचित्रे आणि त्याच फोनमध्ये खुनाच्या पंचनाम्याचे चित्रण. उद्या न्यायालयात वकील विचारील की हा फोन मधल्या काळात कोणाकोणाच्या हाती होता. मुद्देमालाची जी काळजी घ्यायची ती या पुराव्याचीही घ्यायला हवी. म्हणून प्रस्तावात लिहावे ते असे: वर्षात झडत्या किती झाल्या, एका वेळी किती पथके बाहेर असतात, तितके सरकारी फोन, चित्रण साठवण्याची जागा, पाठवण्यासाठी जोडणी आणि चित्रण कसे करावे याचे दोन दिवसांचे शिक्षण. कामगाराने स्वतःच्या पैशाने हत्यार आणून मालकाचे काम करावे, हे आम्ही कोणत्याही कारखान्यात मान्य केलेले नाही. ठाण्यातही मान्य होऊ नये.

कॅमेरा आणि त्याची पेटी

कायद्याच्या आधाराचे दुसरे उदाहरण ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचे. परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी आदेश दिला. प्रत्येक पोलीस ठाण्याचे प्रवेशद्वार व बाहेर पडण्याचा मार्ग, कोठड्या, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या आणि आवाराचा मागचा भाग, या सर्व ठिकाणी कॅमेरे असावेत. त्यांना रात्री दिसावे आणि आवाजही टिपता यावा. चित्रण अठरा महिने राखावे, तशी सामग्री मिळत नसेल तर मिळेल तितक्या जास्त काळाचे, परंतु एक वर्षापेक्षा कमी नाही. हा आदेश कोठडीतल्या माणसाच्या जिवासाठी आहे, तसा खोट्या आरोपापासून शिपायाच्या बचावासाठीही आहे.

येथेही हिशेब करून पाहू. समजा, ठाण्यात बारा कॅमेरे बसवले आणि एका कॅमेऱ्याचे एका दिवसाचे चित्रण दहा गिगाबाइट झाले. बाराचे मिळून १२० गिगाबाइट. अठरा महिन्यांचे दिवस सुमारे ५४७ धरले तर ६५,००० गिगाबाइटच्या वर, म्हणजे साधारण ६६ टेराबाइट जागा लागते. दुकानदार बारा कॅमेऱ्यांबरोबर चार टेराबाइटची पेटी देतो आणि दरपत्रक स्वस्त दिसते. ती पेटी तेहतीस-चौतीस दिवसांत भरते आणि जुन्यावर नवे लिहू लागते. कोठडीत मार बसल्याची तक्रार घेऊन एखादा माणूस दोन महिन्यांनी न्यायालयात गेला, तर चित्रण उरलेलेच नसते. कोणी पुसले नाही, कोणी दडवले नाही. ते प्रस्ताव लिहिला त्याच दिवशी पुसले गेले होते.

कॅमेरे बसवले म्हणजे काम झाले असे नाही, याची जाणीव न्यायालयालाही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. बंद पडण्याची कारणे मोठी नसतात. वीज जाते, बॅटरीची तरतूद नसते. उंदीर तार कुरतडतो, दुरुस्तीचा करार नसतो. करार असतो, परंतु त्याचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे हे ठरलेले नसते. म्हणून वार्षिक देखभालीची रक्कम पहिल्याच प्रस्तावात पाच वर्षांसाठी लिहिलेली असावी.

चाचणीवाचून मान्यता नाही

साधन निकामी असले तर काय होते हे महाराष्ट्राने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाहिले. मुंबईत हल्लेखोरांजवळ एके-४७ होत्या आणि छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पहारा देणाऱ्यांजवळ जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली. गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना अजमल कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या, परंतु ती सोडली नाही. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ओंबळे यांच्या धैर्यापुढे आपण सर्वांनी मान लववावी; परंतु धैर्याचा गौरव करताना साधनाचा प्रश्न झाकून टाकू नये. शूर माणसाच्या हातात लाठीच होती, ही गोष्ट गौरवाची म्हणता येत नाही.

त्यानंतर राम प्रधान समिती नेमली गेली आणि खरेदीला वेग आला. वरातीमागून का होईना, घोडे आले. पण वेगाने घेतलेली वस्तू तपासूनही घ्यावी लागते. राज्याने पाच हजार गोळीरोधक जाकिटे मागवली. आलेल्या ४,६०० पैकी १,४३० जाकिटे एके-४७ च्या चाचणीत नापास झाली आणि ती परत करावी लागली. चाचणी झाली म्हणून ती परत गेली. ती झाली नसती तर तेवढे शिपाई छातीवर विश्वास बांधून गोळीसमोर उभे राहिले असते. यावरून प्रस्तावात एक ओळ अवश्य असावी: माल कोण तपासणार, कसा तपासणार, आणि नापास झाला तर पैसे कसे थांबणार. आणखी एक गोष्ट. जाकीट पाच किलोचे की दहा किलोचे, ते घालून उन्हाळ्यात धावता येते की नाही, महिला शिपायाच्या अंगाला ते बसते की नाही, हे घालणाऱ्यालाच कळते. हत्यार निवडताना कारागिराला विचारावे हा साधा नियम आहे. प्रस्ताव लिहिण्याआधी ठाण्यातल्या चार शिपायांना एक तास बसवून विचारले, तर खात्याचे पुष्कळ पैसे वाचतील.

देणगीची मोटार

सरकारी पैसा मिळण्यास वेळ लागतो म्हणून एक चौथी विहीर शोधली जाते; ती देणगीदारांची. रस्त्यावरच्या अडथळ्यांवर सराफांची नावे झळकतात, चौकातले कॅमेरे व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून येतात. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याविषयी आम्ही शंका घेत नाही. परंतु एखाद्या कारखानदाराने ठाण्याला मोटार दिली आणि पुढच्याच महिन्यात त्या कारखान्याच्या फाटकावर संप झाला, तर ती मोटार फाटकावर येईल तेव्हा कामगाराच्या मनात काय येईल? आतला अधिकारी कितीही निःपक्षपाती असो, दारावरचे नाव बोलतच राहते. सावकाराच्या घरच्या घोड्यावर बसून सावकाराविरुद्धची फिर्याद लिहायला जाता येत नाही. पोलिसांचे साधन सर्वांच्या पैशातून यावे, म्हणजे ते कोणा एकाचे होत नाही.

फुकट मिळालेल्या साधनाचा दुसरा धोका अमेरिकेत दिसला. तेथे १९९७ च्या कायद्यान्वये सैन्याचे जास्तीचे साहित्य गावोगावच्या पोलिसांना देण्याची योजना चालू झाली. २०१४ साली मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसन गावी एका तरुणाच्या मृत्यूनंतर लोक रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्यासमोर पोलिसांच्या चिलखती गाड्या उभ्या राहिल्या. साऱ्या देशात प्रश्न विचारला गेला की गावच्या पोलिसाला हे कशासाठी हवे होते. वस्तू आधी आली आणि तिचे काम मागाहून शोधले गेले, असा तो प्रकार होता.

नागरिकाने काय करावे

आता आपल्या वाट्याचे काम. प्रस्ताव लिहिणे हे खात्याचे काम आहे; तो वाचणे हे आपले. जिल्हा नियोजन समितीवर आपले निवडून दिलेले प्रतिनिधी असतात. पोलिसांसाठी काय मागितले आणि त्यामागे काय हिशेब होता, हे त्यांना विचारता येते. माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत. गुप्ततेच्या बाबी खुशाल वगळाव्यात. पण कॅमेरे किती, चालू किती, चित्रण किती दिवस राहते, मोटार वर्षात किती दिवस दुरुस्तीला उभी होती, यांत कोणते गुपित आहे? कॅमेऱ्यांच्या देखरेखीसाठी न्यायालयाने जिल्हा पातळीवर समिती सांगितली आहे. तिच्यात महसूल व पोलीस अधिकाऱ्यांबरोबर शहराचे महापौर किंवा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे प्रमुख असावेत असे म्हटले आहे. म्हणजे लोकनियुक्त माणसाला तेथे जागा आहे. ती जागा भरलेली आहे काय आणि समितीची बैठक होते काय, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ होईल.

आणि मार्चअखेरीकडे लक्ष ठेवावे. ३१ मार्चला उरलेला पैसा परत जातो, म्हणून शेवटच्या पंधरवड्यात जे मिळेल ते घेतले जाते. वापर झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता अडतो. हा ताकतुंबा टाळण्याचा उपाय एकच: प्रस्ताव जूनमध्ये तयार असावा. शेतकरी पेरणीआधी बियाणे पाहतो. खात्यानेही तसेच करावे.

या सर्व विवेचनातून एक साधी परीक्षा हाती येते. पोलिसांच्या साधनांचा कोणताही प्रस्ताव पुढे आला तर त्यात तीन माणसे दिसतात काय, हे पाहावे. साधन हाताळणारा शिपाई, ज्याच्यासाठी किंवा ज्याच्यावर ते वापरले जाणार तो नागरिक, आणि ते पाच वर्षे चालते ठेवणारा कारागीर. तिघांपैकी एकही गैरहजर असेल तर प्रस्ताव परत पाठवावा. तिघेही हजर असतील तर पैसा देताना हात आखडू नये. मोंढ्यातल्या हमालाने चहाच्या पुडीवर आणि साबणाच्या वडीवर भरलेला करही त्या पैशात असतो. आपला घाम ज्या वस्तूत गेला, ती चालते की गंजते, हे विचारण्याचा त्याचा हक्क कोणत्याही कायद्याने काढून घेतलेला नाही.